कुजबूज

भोईवाडा, परळ,
मुंबई
१९ ऑक्टोबर २०२५

ती. आजोबांस,
अपूचा सविनय जय भीम. वि. वि.

पाकीट फोडल्याबरोबर तुम्ही आधी शेवटची ओळ वाचणार, कुणी गेलं की काय म्हणून. कुणी गेलेलं नाही. मम्मीची पाठ दुखते, पप्पा चाळीतल्या बौद्ध मंडळाच्या शाखेच्या चिटणीसपदात बुडालेत, नळाला पाणी बरं येतंय. सगळे खुशाल आहेत, मी सोडून. माझं जे आहे ते फोनवर सांगता येत नाही. एक तर वाडीत रेंज नाही, आणि रेंज आली तरी तुमच्याशी बोलायचं म्हणजे मला ओरडावं लागतं. चाळीच्या गॅलरीत उभं राहून ओरडण्यासारखं हे नाही.

आजोबा, मी डॉक्टर होत नाहीये. नीटच्या निकालाच्या दिवशीच मला कळलं होतं की एवढ्या मार्कांवर एमबीबीएस मिळणार नाही. पण त्याच मार्कांवर दुसरेही कोर्स असतात. त्यातला एक मी पसंतीक्रमात मुद्दाम वर टाकला. कानाचा आणि वाचेचा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांचे कान तपासायचे, मशीन बसवून द्यायचं, ज्यांना बोलता येत नाही त्यांना बोलायला शिकवायचं. पप्पांना मी मेडिकलचा फॉर्म भरतेय एवढंच सांगितलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

घोळ पुढे झाला. अलॉटमेंट आली तेव्हा मी आंघोळीला गेले होते. पप्पांनी मोबाइलवर कॉलेजचं नाव वाचलं, वैद्यकीय महाविद्यालय, तेही घरापासून चालत जाण्यासारखं. पुढे कोर्सचं नाव होतं, ते त्यांनी वाचलंच नाही. मी केस पुसत बाहेर आले तेव्हा शाखेचे अध्यक्ष बुद्धभूषणकाका दारात पेढे घेऊन उभे. शेजारच्या जाईबाईंनी माझ्या कपाळाचा मुका घेतला. पप्पा रडत होते. आजोबा, पप्पांना रडताना मी आजी गेल्यावर पाहिलं होतं, त्यानंतर थेट तेव्हाच. मी तोंड उघडलं आणि मिटलं. संध्याकाळी नाक्यावर फ्लेक्स. माझा दहावीचा फोटो, दोन वेण्यांचा, आणि खाली ‘आपल्या चाळीची पहिली डॉक्टर, डॉ. अपूर्वा विकास तांबे’. अजून कॉलेजची पायरी चढले नव्हते.

कॉलेज मात्र मला फार आवडलंय, हेच तर दुखणं आहे. वर्ग लहान, सगळे एकमेकांना नावाने ओळखतात. गिरगावची नूपुर नावाची मैत्रीण झालीय, ती डब्यात रोज थालीपीठ आणते आणि माझी सुकट खाते. परवा ओपीडीत बसायला मिळालं. एका बाईला नवीन मशीन लावलं, तर ती दचकून वर बघायला लागली. तिला पंख्याचा आवाज आला होता. मला तुमची आठवण झाली. तुमचं मशीन अजून तांदळाच्या डब्यातच का? शिट्ट्या मारतं म्हणून काढून ठेवलंत, पण ते नीट बसवलं तर शिट्ट्या मारत नाही, एवढं मी आताच शिकलेय.

मला भीती वाटते, आजोबा. पप्पांना कळलं तर ते चाळीत मान वर करून कसे चालणार? सकाळी पांढरा एप्रन पिशवीत लपवून निघते, तर जाईबाई मुद्दाम तो अंगावर घालायला लावतात. काय करू ते लिहा. हे फक्त तुमच्यामाझ्यात.

माया आहेच, ती अशीच राहू दे, आणि हे पत्र पोस्टमनला वाचून दाखवू नका.

तुमची,
अपू


बौद्धवाडी,
ता. मंडणगड
१ नोव्हेंबर २०२५

चि. अपू हिस,
बुधाजीचा जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं आणि त्याच दिवशी तूही पोचलीस. शेजारचा निलेश मुंबईहून आला, त्याच्याबरोबर तुझ्या बापाने तो फ्लेक्स पाठवून दिला. पालिकेची गाडी फिरायच्या आत उतरवला म्हणे. मी तो जळाऊ लाकडांवर घातला. गंजी छान झाकली गेली. वाडीतली माणसं येता-जाता तुझं नाव वाचत होती, मी मिशीला पीळ देत होतो. मग घरात जाऊन तुझं पत्र वाचलं आणि बाहेर येऊन फ्लेक्स उलटा घातला. निलेशने कारण विचारलं. उन्हाने रंग उडतो म्हणून सांगितलं.

पोरी, मला तुझा राग आला नाही. हसू आलं, मग काळजी वाटली. तुझा बाप लहानपणापासून असाच. शाळेच्या नाटकात त्याला झाडाचं काम मिळालं होतं, तर आपण राजा झालो म्हणून सगळ्या चाळीला सांगून आला. त्याला आनंद झाला की पुढचं वाचायचा धीर नसतो. मन वाईट नाही त्याचं.

आमच्या गिरणीच्या साचाखात्यात मागांचा एवढा आवाज असायचा की शेजारी उभा असलेला माणूस काय बोलतोय ते ओठांच्या हालचालीवरून ओळखावं लागे. बायकापोरांशीही आम्ही घरी येऊन तसंच ओरडून बोलायचो. तुझी आजी म्हणायची, तुमचं गुपित म्हणजे दवंडी. म्हातारीचं काहीतरीच. तुझं गुपित माझ्या पोटात राहील, खात्री बाळग. पण झाकली मूठ जन्मभर झाकून ठेवता येत नाही. बापाला तूच सांग, आणि लवकर सांग. गावभर पसरल्यावर कळलं तर जास्त लागेल त्याला.

मशीन तांदळातच आहे. सर्दी लागत नाही तिथे. मला त्याची गरज नाही. ऐकण्यासारखं कोण बोलतं इथे?

प्रितीच्या पाठीला निर्गुडीच्या पाल्याचा शेक द्या. जीव लावलास तसा लावत राहा.

तुझा आजा,
बुधाजी


भोईवाडा, परळ
२३ नोव्हेंबर २०२५

ती. दादांस,
विकासचा सविनय जय भीम. पत्रास कारण की,

प्रकृती बरी असेल अशी आशा करतो. फ्लेक्स पोचल्याचं निलेशकडून समजलं. आता त्याच फ्लेक्सबद्दल लिहितोय. हे वाचून झालं की चुलीत घालावं.

गेल्या आठवड्यात अपूर्वा डबा विसरून गेली. माझी जेवणाची सुट्टी होती, म्हटलं आपणच नेऊन द्यावा, लेकीचं कॉलेजही बघून होईल. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचा वर्ग विचारत गेलो. तिथल्या मुलांना ती माहीतच नव्हती. एकाने मोबाइलमध्ये सगळी नावं बघितली, नाही म्हणाला. दादा, मुलगी रोज एप्रन घालून जाते कुठे? नको नको ते मनात आलं. तेवढ्यात तिची ती गिरगावची मैत्रीण भेटली, मागे आपल्याकडे जेवून गेलेली. माझा चेहरा बघून तिने मला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. कानाचा कोर्स. चूक माझीच, मी पुढचं वाचलं नाही.

ती मला त्यांच्या विभागात घेऊन गेली. काचेची खोली असते, आवाज आत जात नाही, बाहेर येत नाही. अपूर्वा आत हेडफोन लावून बसली होती, मधूनमधून बोट वर करत होती. पाठमोरी होती, चेहरा दिसला नाही. मी डबा मैत्रिणीकडे दिला, मी आलो होतो हे सांगू नकोस म्हटलं आणि निघून आलो. ऑफिसात दोन फायली चुकीच्या टेबलावर ठेवल्या.

तेव्हापासून बघतो आहे. पोरगी घरी बोलत नाही, जेवताना खाली बघते. तिला डॉक्टरच व्हायचं होतं हो. मिळालं नाही म्हणून मनातल्या मनात कुढते आहे, आणि माझ्या फ्लेक्समुळे तिला रडायचीही सोय राहिली नाही. मी दादरच्या एका क्लासात बोलून ठेवलं आहे. हे वर्ष सोडून दे, घरी बसून अभ्यास कर, पुन्हा नीट दे, असं वेळ आली की तिला सांगणार आहे. पण मला कळलंय हे तिला कळू नये. तिच्या तोंडावर मी तिला खोटी कशी पाडू? ती आपण होऊन बोलेल, तोवर मी थांबतो. तुम्हीही काही बोलू नये, ही हात जोडून विनंती.

प्रितीला यातलं काही माहीत नाही. कृपादृष्टी ठेवावी.

आपला,
विकास


बौद्धवाडी
४ डिसेंबर २०२५

चि. विकास यास,
आशीर्वाद.

पत्र चुलीत घातलं. भाकरी जरा करपली त्या दिवशी.

कुणाला बोलणार नाही. शब्द दिला. पण मला एक सांग, पाठमोऱ्या पोरीच्या मनातलं तुला कसं कळलं? तू नाव वाचलंस तेव्हा पुढचं वाचलं नाहीस, आता पाठ बघितलीस तर तोंड बघायला थांबला नाहीस. क्लासात नाव घालायच्या आधी तिला एकदा विचार, बाई तुला काय पाहिजे. ऐकू मला येत नाही, तुला येतं ना?

मला रात्री झोप लागत नाही हल्ली. एवढंच लिहितो. पोरांना सांभाळ, स्वतःला सांभाळ.

बुधाजी


भोईवाडा, परळ
११ जानेवारी २०२६

ती. आजोबांस,
सविनय जय भीम.

तुमचं ‘लवकर सांग’ मी रोज वाचते आणि रोज उद्यावर ढकलते. आता ढकलायलाही जागा उरली नाही, म्हणून लिहिते.

गेल्या रविवारी सकाळी जाईबाई गॅलरीत चक्कर येऊन पडल्या. समोर मोठमोठी हॉस्पिटलं आहेत, दहा पावलांवर टॅक्सी मिळते. पण त्यांच्या सुनेने आधी माझं नाव घेतलं. कुणीतरी म्हणालं, घरची डॉक्टर असताना बाहेर कशाला? सगळे बाजूला झाले, मला वाट करून दिली आणि माझ्याकडे बघत राहिले. जाईबाई डोळे मिटून पडलेल्या. कुणीतरी त्यांच्या गोळ्यांची पिशवी माझ्या हातात दिली, यातली कुठली देऊ म्हणून. आजोबा, यातलं मला काही कळत नाही, त्यांना ताबडतोब न्या, असं मी जिवाच्या आकांताने ओरडले. तरी लोक म्हणाले, घाबरली बिचारी, पहिलंच वर्ष आहे. त्यांना नेईपर्यंत बराच वेळ गेला. साखर उतरली होती. वाचल्या, आता ठणठणीत आहेत. सुनेला सांगतात, अपूने वेळेवर ओळखलं म्हणून मी वाचले. मला हे ऐकवत नाही. मी होते म्हणून उशीर झाला. मी नसते तर त्यांना सरळ हॉस्पिटलात नेलं असतं.

तेव्हा मी ठरवलं आहे. एक तर खरं बोलायचं, नाहीतर खोटं ते खरं करून दाखवायचं. खरं बोलायची हिंमत माझ्यात नाही. पप्पा हल्ली माझ्याशी फार गोड बोलतात, ताटात मासळीचा मोठा तुकडा घालतात, मध्येच माझ्याकडे बघत बसतात. त्यांना माझा केवढा अभिमान वाटतो ते डोळ्यांत दिसतं. म्हणून हा कोर्स सोडून मी पुन्हा नीटला बसणार. फेब्रुवारीत फॉर्म निघेल. नूपुर माझ्याशी भांडली, दोन दिवस थालीपीठ दिलं नाही. आमच्या मॅडमनी परवाच सगळ्या वर्गासमोर म्हटलं की लहान मुलांशी बोलायची माझी पद्धत उपजत आहे. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मला हे सोडायचं नाहीये आजोबा, पण दुसरं काय करू?

आणखी एक. सात फेब्रुवारीला रमाई जयंतीच्या कार्यक्रमात शाखेतर्फे माझा सत्कार ठरलाय, ‘चाळीची पहिली डॉक्टर’ म्हणून. बुद्धभूषणकाकांनी ठरवलं. पप्पा खाली बघत राहिले. लाजले असतील. सगळ्या चाळीसमोर मी ती शाल कशी घेऊ? तुम्ही या. काही करू नका, नुसते माझ्या शेजारी उभे राहा.

तुमच्या भरवशावर असलेली,
अपू


बौद्धवाडी
१२ फेब्रुवारी २०२६

चि. अपू हिस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. एसटीत खिडकी मिळाली. प्रितीने दिलेले लाडू निलेशच्या पोरांनी माणगावच्या आतच संपवले.

कार्यक्रम उत्तम झाला. मी आलो तेव्हा उशीर झाला होता, तुम्ही सगळे उभे राहून माना खाली घालून वंदना म्हणत होतात. मी गर्दीतून तुझ्या शेजारी येऊन उभा राहिलो. गाडीत बसल्यापासून एकच विचार करत होतो. दोघांनाही शब्द दिलेला. इकडे आड तिकडे विहीर. शब्द पाळला तर पोरीचं शिक्षण जातं, मोडला तर पोराचा विश्वास जातो. मग तिथे उभ्या उभ्या सुचलं. एवढी माणसं एका सुरात वंदना म्हणतायत, त्या आवाजात आपण हळूच बोललो तर कुणाच्या बापाला कळणार नाही. म्हणून तुझ्या कानाशी वाकलो आणि जे सांगायचं ते सांगितलं.

बघ, कसं गुपचूप काम केलं. कुणाला सुगावा नाही. विकास मंचाजवळ उभा होता, तो डोळे पुसत होता, त्याला रमाईची आठवण दाटून आली असेल. नंतर त्याने तुला जवळ घेतलं आणि काही बोलला. मग तू माइकवर बोललीस, लोकांनी टाळ्या वाजवल्या. जाईबाई माझ्याकडे बघून हसत होती, ती जुनी ओळखीची म्हणून. दुसऱ्या दिवशी गाडीला बसेपर्यंत सगळी चाळ माझ्याकडे बघून हसत होती. माणसं फार प्रेमळ आहेत तिथली.

आता तू तुझ्या बापाशी काय बोललीस ते लिही. मला काळजी लागून राहिली आहे. मी सांगितलं हे मात्र त्याला सांगू नकोस.

लोभ होताच, आता आणखी वाढला असेल.

बुधाजी


भोईवाडा, परळ
१८ फेब्रुवारी २०२६

माझ्या लाडक्या आजोबांस,
साष्टांग जय भीम.

खुर्चीत बसा. पाणी जवळ घ्या. मग पुढचं वाचा.

आजोबा, वंदना संपली होती. तुम्ही आलात त्याच्या आधीच संपली होती. आम्ही माना खाली घालून उभे होतो कारण शाखेच्या दिवंगत सभासदांसाठी दोन मिनिटं स्तब्धता चालू होती. अंगणात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. आणि त्यात तुम्ही माझ्या कानाशी वाकून कुजबुजलात.

तुमची कुजबूज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली. मम्मी वरून पाण्याचा हंडा घेऊन येत होती, ती जिन्यातच थांबली. तुम्ही म्हणालात की अपू, तुझ्या बापाला सगळं कधीचं माहीत आहे, तो डबा घेऊन आला होता आणि काचेतून तुला बघून गेला. तुम्ही म्हणालात की ते दादरच्या क्लासात माझं नाव घालून बसलेत, कारण त्यांना वाटतं मी डॉक्टर व्हायला मिळालं नाही म्हणून कुढते, आणि मी कोर्स सोडायला निघालेय कारण मला वाटतं त्यांना डॉक्टर पाहिजे. तुम्ही म्हणालात, दोघं एकमेकांसाठी एकाच खड्ड्यात उडी मारताय. तुला कानाचं शिकायचंय ना, मग शीक, त्या फ्लेक्सने माझी लाकडं झाकली, त्याचं काम झालं. आणि शेवटी म्हणालात की हे कुणाला कळता कामा नये.

दोन मिनिटं संपली तरी कुणी खाली बसेना. कुणी हलेना. मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. मग कुठेतरी जाईबाई फिस्सकन हसल्या, आणि सगळं अंगण हसायला लागलं. मी रडत होते. पप्पा सगळ्यांच्या मधून माझ्याजवळ आले. ते काय म्हणाले ते तुम्हाला ऐकू आलं नाही, म्हणून लिहिते. ते म्हणाले, चुकलं माझं, बेटा, फ्लेक्स लावायच्या आधी तुला विचारायला पाहिजे होतं. मग त्यांनी विचारलं की तुला ते कानाचं खरंच आवडतं का. मी नुसती मान हलवली. एवढं विचारायला आम्हाला चार महिने लागले, आजोबा. दोघं एकाच खोलीत जेवतो, झोपतो.

मग मी माइकवर गेले. जाईबाईंच्या बाबतीत त्या दिवशी काय झालं ते सगळ्यांना सांगितलं आणि माफी मागितली. शाल मी घेतली नाही. जाईबाईंनी ती ओढून घेतली आणि स्वतःच माझ्या अंगावर टाकली, म्हणाल्या, तू ओरडलीस म्हणून मला नेलं ना, मग झालं तर. नंतर बाजूला घेऊन विचारलं की डाव्या कानात सारखं सुं सुं वाजतं, ते तुमच्यात बघतात का. मी म्हटलं, बघतात, पण मी नाही, आमच्या मॅडम बघतील, पुढच्या महिन्यातला नंबर लावून देते.

क्लास पप्पांनी रद्द केला. शाखेच्या फळ्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, ऑफिसातल्या भाषेत. सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की कु. अपूर्वा ही श्रवण व वाचा उपचार या अभ्यासक्रमाच्या प्रथम वर्षात शिकत असून ती डॉक्टर नाही. कोणीही तिला जिन्यात अडवून गोळ्या दाखवू नयेत. कानाची तक्रार असल्यास रीतसर ओपीडीत जावे. खाली सही, चिटणीस. येता-जाता लोक वाचतात. परवा पप्पा त्या फळ्यासमोर उभे राहून एका पाहुण्याला ‘ऑडिओलॉजी’ म्हणजे काय ते समजावत होते. निम्मं चुकीचं सांगत होते, पण मान वर होती.

तुमच्यावर कुणी रागावलेलं नाही. पप्पा म्हणतात, दादांनी दोघांना दिलेला शब्द मोडला आणि दोघांनाही वाचवलं. आता तुम्ही या आणि तपासून घ्या. मी हात लावणार नाही, मॅडम तपासतील, मी फक्त शेजारी उभी राहीन. तुम्ही माझ्यासाठी उभे राहिलात तशी.

अशीच माया करा, पण जरा हळू आवाजात.

तुमचीच,
अपू


बौद्धवाडी
१ मार्च २०२६

चि. अपू हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. मी कुजबुजलोच होतो असं मला अजूनही वाटतं. तुझी आजी असती तर काय म्हणाली असती ते मला पाठ आहे.

लाकडांवरचा फ्लेक्स पुन्हा सुलटा घातला. नावापुढचं ‘डॉ.’ आणि खालची ओळ चुन्याने पुसली. तू आणि तुझं नाव राहिलं, तेवढं पुरे आहे. पाऊस सुरू झाला की चुना जाईल, तेव्हा निलेशला पुन्हा लावायला सांगेन.

खरं सांगतो पोरी. ऐकू येत नाही याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. आयुष्यभर साचे ऐकले, आता शांत बरं, असं म्हणायचो. पण त्या दिवशी मी तुमच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. विकासचे ओठ हलताना बघितले, तुला रडताना बघितलं, आणि मी आपला हसत उभा, रमाईच्या आठवणीने सगळे भावुक झालेत असं समजून. हे पत्र वाचताना मला फार लागलं ते. माझ्या घरातली एवढी मोठी गोष्ट माझ्यासमोर झाली आणि मला ती पोस्टाने कळली.

मशीन तांदळातून काढलं आहे, फडक्यात बांधलं आहे. पुढच्या सोमवारच्या गाडीने निघतो. जाईबाईचा नंबर माझ्या आधी असू दे, बाई माणूस आहे.

विकास ‘चुकलं माझं’ म्हणाला, हे तू लिहिलंस, मी वाचलं. पण त्याच्या जन्मापासून आजवर ते शब्द मी त्याच्या तोंडून ऐकलेले नाहीत. त्याला म्हणावं, तयारी ठेव. मशीन बसलं की पहिलं तेच ऐकायचं आहे मला.

तुझा आजा,
बुधाजी